पुढच्या गाडीत काय हवं

मोठ्या गाड्यांचा मला राग आहे. पाटणकर बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. अशा गल्लीत लोक छातीएवढ्या उंच बॉनेटच्या गाड्या घेऊन येतात. मग गाडी पुढं जात नाही, मागं वळत नाही, आणि आतला माणूस हॉर्नवर हात ठेवून जगावर उपकार केल्यासारखा बसून राहतो. मी जन्मभर मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. वजन वाढलं की वळणावर काय होतं ते मी फळ्यावर काढून दाखवू शकते, पण ऐकतो कोण?

माझे यजमान, म्हणजे ज्यांना घरात मी नुसतं 'हे' म्हणते, ते या बाबतीत माझ्या दोन पावलं पुढे होते. ह्यांचं घराणं दख्खनमधून फौजेबरोबर इकडं ग्वाल्हेरला आलेल्या शिलेदारांचं. घोडे गेले, जमिनी गेल्या, उरली एक बोथट तलवार आणि एक समजूत: लगाम दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. सासरे म्हणे कधी सायकलच्या कॅरिअरवरसुद्धा बसले नाहीत. हे सरकारी खात्यात इंजिनिअर. साइटवर जायला ड्रायव्हरसकट जीप मिळायची, तर ड्रायव्हर शेजारच्या सीटवर आणि हे स्टिअरिंगवर. त्या ड्रायव्हरनं नोकरीत जेवढी झोप काढली तेवढी आमच्या अख्ख्या खानदानात कुणी काढली नसेल.

आमची पहिली गाडी लाल, लहान, पेट्रोलची. ह्यांनी तिला कुठून कुठून सामान आणून बसवलं होतं. गिअर आखूड, स्टिअरिंग जड, आणि सायलेन्सर असा की हे नाक्यावर वळले की मी चहाचं आधण ठेवायची. त्या गाडीत बसून आम्ही झाशीपर्यंत भांडत गेलो आहोत आणि झाशीहून हसत परत आलो आहोत. मुलगी लहान असताना मागच्या सीटवर झोपायची, आणि गाडी बंद केली की जागी व्हायची. ती गाडी आम्ही इतकी वर्षं वापरली की मेकॅनिक हात जोडून म्हणाला, "साहब, अब इसको जाने दो."

मग ग्वाल्हेरच्या हिवाळ्यातल्या व्यापार मेळ्यात इलेक्ट्रिक घेतली. आमच्याकडं गाडी मेळ्यातच घ्यायची असते, टॅक्स कमी लागतो म्हणून. लोक गाड्यांसाठी हिवाळ्यापर्यंत थांबतात, लग्नासाठी थांबणार नाहीत इतके. ही लहान होती, बुटकी होती आणि भलतीच चपळ होती. चालवून बघताना ह्यांनी पाय दाबला आणि मोठ्यांदा हसले. ह्या वयाचा माणूस असा हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मीही चालवली. सिग्नलवर शेजारच्या त्या उंच गाडीवाल्याला मागं टाकलं तेव्हा मला जे वाटलं ते एका निवृत्त शिक्षिकेनं सांगू नये.

असल्या गाड्या चालवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. भोपाळचे, इंदूरचे, पुण्याकडचेही लोक होते. तिथं अखंड एकच विषय: हिच्यानंतरची गाडी कशी असावी. कुणाला बॅटरी मोठी हवी, कुणाला पडदा मोठा हवा, कुणाला छतातून आकाश दिसायला हवं. मला पडदा नकोच होता. एसी कमी करायला चालत्या गाडीत पडद्यावर बोटं फिरवायची, त्यापेक्षा एक साधं बटण द्या की मेल्यांनो. हे मात्र सकाळी चहाबरोबर लांबच लांब लिहीत बसायचे. वजन कमी करा. बॅटरी लहान चालेल, आम्हाला काय दिल्ली-मुंबई रोज करायची नाही. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळला पाहिजे. आणि खोटा आवाज नको. काही गाड्यांत म्हणे आता स्पीकरमधून इंजिनाचा आवाज सोडतात. हे लिहायचे, टक्कल पडलं तर पडलं, टोप कशाला घालता? लोक खूश व्हायचे. ग्वाल्हेरचे काका म्हणून ग्रुपवर ह्यांना मान होता.

त्यानंतरच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची पूजा. तलवार पाटावर, शेजारी घरातली अवजारं, आणि गाडी धुऊन दारात. जुन्या गाडीचं बॉनेट उघडून हे इंजिनाला हळदीकुंकू वाहायचे. नवीन गाडी आली त्या पहिल्या वर्षी बॉनेट उघडून म्हणाले होते, "हिला इंजिनच नाही. कुंकू लावू कुणाला?" दीर-जावा, पुतणे, सगळे हसले होते. हा विनोद मग वर्षभर चालला.

दुसऱ्या वर्षी ह्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघत राहिले आणि विचारलं, "इंजिन कोणी काढलं?"

पुन्हा सगळे हसले. धाकटे दीर म्हणाले, "दादा, तुमचं गेल्या वर्षीचंच चालू आहे." हेही हसले, पण सगळे हसतात म्हणून हसावं तसं. मग गाडीच्या बाजूनं फिरून ह्यांनी चार्जिंगचं झाकण उघडलं, म्हणाले, "हां, इथं आहे," आणि ओलं हळदीकुंकू, अक्षता, फूल, सगळं त्या खाचेत भरलं. वर पळीभर पाणी घातलं. मी "अहो, अहो" करत धावले तोवर नमस्कारही करून झाला होता. पुतण्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

आमच्या घराण्यात चेष्टा फार. माणूस काहीही बोलला तरी तो थट्टा करतोय असं समजून पुढं जायची इथली रीत आहे. दुसऱ्या कुठल्या घरात हे लवकर कळलं असतं. आमच्यात पुढं कित्येक दिवस हळदीकुंकवाचा किस्सा सांगून हसणं चालू होतं.

दसऱ्याला सीमोल्लंघन. पूर्वी घोड्यावर जायचे, आम्ही गाडीतून झाशी रोडनं शहराबाहेर जातो आणि शमीची पानं घेऊन परत येतो. इकडं सोनं म्हणून शमीच वाटतात. गाडी घरच्या कर्त्यानं चालवायची, म्हणजे ह्यांनीच. येताना चांगली गाडी चालली होती, आणि भर रस्त्यात एकदम थांबली. थांबली म्हणजे जागच्या जागी रुतली. माझं डोकं पुढं आपटता आपटता राहिलं. मागच्या ट्रकनं कसाबसा मार्ग काढला आणि ट्रकवाल्यानं आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

"काय झालं?" मी ओरडले.

"काही नाही. गिअर बदलून राहिलो होतो."

ह्या गाडीत गिअर नाहीत. डाव्या पायाला कामच नाही, दोनच पेडल, एक चालायचं आणि एक थांबायचं. ह्यांनी डावा पाय उचलून क्लच दाबावा तसा ब्रेक दाबला होता, टाचेपर्यंत. मी ह्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्या वेळी मला कळलं. सोनं मांडीवर घेऊन मी घरापर्यंत त्याची पानं मोजत आले.

डॉक्टरांनी बरंच तपासलं. आज कोणता वार, सकाळी काय खाल्लं, घड्याळाचं चित्र काढा. ह्यांनी घड्याळ सुंदर काढलं, इंजिनिअरच ते. सगळे आकडे एका बाजूला काढले. मग ह्यांना बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "गाड़ी अब नहीं, माताजी." मला कुणी माताजी म्हटलं की मस्तकात तिडीक जाते, पण त्या दिवशी ती पण आली नाही. औषधानं थोडं सावकाश होईल, थांबणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. नवीन आठवणी आधी जातात, जुन्या नंतर. म्हणजे ही दोन पेडलची गाडी आधी जाणार होती. तीन पेडलची लाल गाडी अजून राहणार होती, काही दिवस.

मी ह्यांना सांगितलं नाही. सांगणार काय? ह्या माणसाचं पेन्शन बंद झालं असतं, घर गेलं असतं, तरी ह्यांनी सोसलं असतं. स्टिअरिंग काढून घेतलं तर त्यामागं कोण उरणार, हे मला माहीत नव्हतं, आणि बघायचं धैर्यही नव्हतं. मुलगी बेंगळुरूहून रोज फोन करायची. "आई, तू चाबी छुपाकर ठेव ना. बाबांना कुछ हो गया तो? आणि दुसऱ्या कोणाला झालं तर?" बरोबर होतं तिचं. लांबून सगळ्यांचं बरोबर असतं.

एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर गाडीची जागा रिकामी. चार्जिंगची वायर भिंतीला लोंबकळत होती. लाल गाडी असती तर चालू केल्याबरोबर गल्लीतली कुत्रीसुद्धा उठली असती आणि मी धावत जाऊन पुढं उभी राहिले असते. ही गाडी माझ्या पायाखालून निघून गेली आणि मला कळलंदेखील नाही. खोट्या आवाजाला ह्यांच्याबरोबर मीही किती नावं ठेवली होती! त्या दुपारी गच्चीवर ओला टॉवेल हातात धरून मला वाटलं, आवाज द्या रे. खोटा द्या, भोंगा द्या, बँडबाजा द्या, पण बाईला गच्चीवर ऐकू येईल असं काहीतरी ह्या गाडीत घाला.

मी ह्यांना फोन लावत राहिले, वाजत होता, उचलत नव्हते. बऱ्याच वेळानं त्याच फोनवरून एका अनोळखी माणसाचा फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरारहून बोलत होता, त्याचं कापडाचं दुकान होतं. "भाभीजी, एक अंकल हैं, हमारी दुकान के सामने गाड़ी लगाए बैठे हैं. कह रहे हैं मैडम की छुट्टी होने वाली है."

मी रिक्षा करून गेले. गाडी रस्त्याच्या कडेला इतकी नीट लावली होती की कुणी शिकाऊ माणसाला दाखवावी. हे आत बेल्ट लावून बसले होते. माझी शाळा पूर्वी तिथं होती. ती तिथून हलली त्याला जमाना झाला, इमारत पाडून दुकानं झाली. पाऊस असला, परीक्षा असली, की हे मला घ्यायला तिथं यायचे.

मी काचेवर टकटक केलं. ह्यांनी दार उघडलं. "आलीस? चल, उशीर झाला आज. पेपर तपासायचे होते का?"

"हो," मी म्हटलं आणि बसले. सीटवरून ह्यांना उठवणं मला जमलं नसतं. ह्यांनीच गाडी घरी आणली, मी उजवीकडं, डावीकडं, आता सरळ, असं सांगत. डाव्या पायाकडं मी सारखी बघत होते. चालवली मात्र काय सुंदर! गाडी चालवायला हे विसरलेच नव्हते. कुठं जायचं ते विसरले होते आणि कोणत्या गाडीत आहोत ते विसरत होते. दाल बाज़ारात हातगाड्यांच्या गर्दीतून ह्यांनी अशी अलगद काढली की मला अभिमान वाटला.

त्या दिवसापासून गाडी बंद. तसं मी ह्यांना म्हटलं नाही, मी खोटं बोलायला लागले. हे शर्ट घालून किल्ली मागायला आले की मी म्हणायची, "चार्ज व्हायचीय अजून." पेट्रोलच्या गाडीला हे खोटं चाललं नसतं. ही गाडी वायर लावून उभी असली की कुणालाही पटतं. हे बाहेर जाऊन बघायचे, वायर लागलेली असायची, हिरवा दिवा लागलेला असायचा. "किती वेळ लागेल?" "संध्याकाळपर्यंत." मग खुर्ची टाकून हे गाडीजवळ बसायचे. संध्याकाळ झाली की विसरायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्ट, पुन्हा किल्ली, पुन्हा मी. गाडी कधीचीच पूर्ण भरली होती आणि कुठंही जात नव्हती. ह्या खोट्याची मला इतकी सवय झाली की एकदा दूधवाल्यालाही मी तसंच सांगितलं.

अशातच गाडीच्या कंपनीचा निरोप आला. पुढची लहान, वेगवान इलेक्ट्रिक गाडी बनवताहेत, चालवणाऱ्यांना काय हवंय ते ऐकायला निरनिराळ्या शहरांत माणसं बोलावताहेत, आणि ग्वाल्हेरच्या काकांशिवाय बैठक होणार नाही. ह्यांनी ग्रुपवर लिहिणं केव्हाच बंद केलं होतं, तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. मी नाही म्हणून कळवणार होते. पण निरोप ह्यांच्या फोनवर आला होता आणि तो ह्यांनी वाचला होता. नंतर चार दिवस हे तो निरोप रोज नव्यानं वाचत आणि रोज नव्यानं खूश होत. एका माणसाला एकच आनंद चार वेळा मिळत असेल तर तो मोडणारी मी कोण? आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाऊ दे, एकदा चारचौघांत बोलू दे ह्यांना.

बैठक मेळ्याच्या मैदानाजवळ एका हॉलमध्ये होती. मेळा नसताना ते मैदान भकास दिसतं. वेगवान गाडीवर मत द्यायला आम्ही ई-रिक्षातून गेलो, मध्ये एक पोतंही होतं कुणाचं तरी. आमची गाडी अर्थातच चार्ज होत होती.

कंपनीचा एक मुलगा पुण्याहून आला होता, तिशीतला. आम्ही मराठीत बोलतोय म्हटल्यावर त्याला फार आनंद झाला. "काका, तुमचे सगळे मेसेज मी वाचलेत. आमच्या टीमला मी वाचून दाखवलेत." ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं, मी चहाच्या टेबलाकडं गेले.

वीसेक लोक असतील. एकेकानं सांगायला सुरुवात केली. मोठी बॅटरी. लवकर चार्जिंग. सीट थंड व्हायला हवी, आमच्या इकडं उन्हाळ्यात बसवत नाही, हे मला पटलं. एक तरुण म्हणाला, त्याला असा मोड हवा की गाडी सुरू होताना गुरगुरेल. लोक हसले. मग तो मुलगा म्हणाला, "काका, आता तुम्ही."

हे उभे राहिले. आवाज अगदी पूर्वीचा, साइटवरचा. "गाडीला तीन पेडल पाहिजेत," हे म्हणाले. "डाव्या पायाला काम नसेल तर माणूस गाडीत नुसता बसलेला असतो. गिअर हातानं बदलला पाहिजे. तिसरा जरा अडकला पाहिजे, दाबून टाकावा लागला पाहिजे, म्हणजे आपण काहीतरी केलं असं वाटतं. स्टिअरिंग जड पाहिजे. आवाज असा पाहिजे की नाक्यावर वळलं की घरच्यांना कळावं."

लोक माना हलवत होते. पुण्याचा मुलगा भराभर टिपून घेत होता. शेजारच्या सहकाऱ्याला हळूच म्हणाला, "हेच. आपण सांगत होतो ते हेच." इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर आणि खोटा क्लच देण्याचा त्यांचा काहीतरी विचार चालू होता, त्याला एका अनुभवी माणसाचा पाठिंबा मिळत होता.

मी मात्र पाहत होते की हे कुणाला काही मागतच नव्हते. हे डोळ्यांसमोरची गाडी बघून सांगत होते. आमची लाल गाडी, तिचं जड स्टिअरिंग, तिचा अडकणारा तिसरा. पुढच्या गाडीबद्दल विचारलं होतं आणि मागची गाडी उत्तरात येत होती, आणि माझ्याशिवाय कुणालाही ते कळत नव्हतं.

"आणखी एक," हे म्हणाले. "डाव्या बाजूची सीट थोडी उंच करा. आमची ही बुटकी आहे, तिला समोरचं दिसत नाही. मग सारखं विचारते, कुठं आलो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. माझी सीट ह्यांनी तेव्हा उशी शिवून आणून उंच केली होती, आणि त्या उशीवरून मी झाशीपर्यंत भांडले होते.

मग सगळे बाहेर गेलो. मैदानात एक गाडी उभी होती, अंगभर काळ्यापांढऱ्या नक्षीचे कागद चिकटवलेली, आकार कळू नये म्हणून. नवीन गाडीचा नमुना. मैदानाला दोऱ्या बांधून रस्ता केला होता. पुण्याच्या मुलानं खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढं धरली, देवळात प्रसाद द्यावा तशी. "काका, पहिला मान तुमचा."

ह्यांनी किल्ली घेतली. चेहरा उजळला. दोऱ्यांच्या पलीकडं लोक फोन वर करून उभे होते, दोघी-तिघींच्या कडेवर मुलं होती. इथं चार्जिंगचं खोटं चालणार नव्हतं.

"हे चालवणार नाहीत," मी म्हटलं. मला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं म्हटलं गेलं. "ह्यांना विसरायला होतं. आजार आहे. हे आता गाडी चालवत नाहीत."

डॉक्टर आणि मुलगी सोडून हे मी कुणाजवळही बोलले नव्हते. ह्यांच्याजवळ तर नाहीच. पुण्याच्या मुलाचा चेहरा पडला. तो हातातल्या वहीकडं बघायला लागला, मग माझ्याकडं, मग पुन्हा वहीकडं. लोकांनी फोन खाली केले. मला वाटलं हे आता चिडतील, ओरडतील. मी तयार होते. खरं म्हणजे मी वाटच बघत होते. ह्यांनी ओरडावं, शिलेदारी काढावी, चारचौघांत माझा अपमान करावा. मी सगळं घेतलं असतं.

हे किल्लीकडं बघत राहिले. मग माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "बरं." नुसतं बरं. वळून गेले आणि डावीकडचं दार उघडून आत बसले, आणि बेल्ट लावला.

मग मी चालवली. दुसरं काय करणार होते, सगळे बघत होते. गाडी फार चांगली होती. हलकी होती. वळणावर मातीचा खडा न् खडा हाताला कळत होता. खोटा आवाज नव्हता. एसीला बटणं होती. हे जे जे सकाळच्या चहाबरोबर लिहीत आले होते ते ते तिच्यात होतं, कुणीतरी खरंच वाचलं होतं. मला अशी गाडी जन्मात पुन्हा मिळणार नाही हे कळत होतं, आणि ते कुणाला सांगू हे कळत नव्हतं.

दुसऱ्या वळणानंतर मी विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे," हे म्हणाले. "वजन कमी ठेवलंय. चांगलं केलं." थोडा वेळ बाहेर बघत बसले. मग माझ्याकडं वळून अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठं सोडू?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हात मांडीवर होते. चेहरा शांत होता, परक्या बाईशी बोलताना असतो तसा, जरासा सभ्य.

"पाटणकर बाजाराच्या मागं," मी म्हटलं.

"अरे वा. मी पण तिकडंच जाऊन राहिलोय. घरी बायको वाट बघत असेल, पण काही हरकत नाही, तुम्हाला सोडून जातो. बसा आरामात."

मी बरं म्हटलं, आणि मैदानाला आणखी एक फेरी मारली.